ओव्हर दिल्याशिवाय जायचं नाही

वाचकांचे प्रश्न : या महिन्यात नर्सिंग शिकवणाऱ्यांची पत्रं
उत्तरं : सोलापुरातल्या एका निवृत्त पाठ्यनिर्देशिकेची

मागच्या अंकात संपादकांनी नर्सिंगच्या शिक्षकांना पत्रं पाठवायला सांगितलं होतं. ती सगळी पत्रं एका मोठ्या पाकिटात माझ्या घरी आली. बहुतेकांनी शेवटी लिहिलंय, ‘नाव छापू नका, कॉलेजचंही नको.’ त्याप्रमाणे दोन्ही काढली आहेत. पाच पत्रं निवडली, कारण बाकीच्यांचे प्रश्नही फिरून याच पाचांत येतात.

माझ्याविषयी दोनच ओळी. वडील सोलापूरच्या पूर्व भागात मागावर होते. घरात तेलुगू, शाळा मराठी. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केला, आठ वर्षं वॉर्डात काढली आणि मग एकोणतीस वर्षं शिकवलं.

*

“मी सत्तावीस वर्षांची आहे. एम.एस्सी. नर्सिंग करून एका खासगी कॉलेजात लागले. दुसऱ्याच दिवशी फंडामेंटल्सची थिअरी आणि दोन वॉर्डांचं क्लिनिकल, म्हणजे रुग्णांजवळचं शिकवणं, माझ्याकडे आलं. आधीच्या मॅडम सोडून गेल्या होत्या. त्यांनी काय शिकवलं, काय राहिलं, कुणालाच माहीत नाही. सीनियर मॅडम नोट्स कपाटात कुलूप लावून ठेवतात. विचारलं तर म्हणतात, ‘आम्हाला कुणी शिकवलं होतं?’ रात्री एक वाजेपर्यंत पीपीटी करते आणि मुली प्रश्न विचारतील या भीतीनं तास घाईघाईनं संपवते. मी या कामाची नाहीच का?”
– एक ट्यूटर, सोलापूर

तुला ‘तू’ म्हणते, माझी धाकटी तुझ्याच वयाची आहे.

‘काय राहिलं, कुणालाच माहीत नाही’ या तुझ्या वाक्याशी मी थांबले. आपण वॉर्डात वाढलेल्या बायका. ओव्हर, म्हणजे ड्युटी संपताना रुग्णांची माहिती पुढच्या सिस्टरला, दिल्याशिवाय वॉर्डातून पाय काढायचा नाही, हे पहिल्या महिन्यातच अंगात मुरतं. घरी पाहुणे बसलेले असोत, शेवटची सिटी बस सुटत असो; चार नंबरचं सलाईन किती राहिलंय, सातला ताप कधी आला, अकराच्या मुलाला डॉक्टरांनी काय सांगितलंय, हे पुढच्या सिस्टरच्या कानावर घालूनच आपण चप्पल घालतो. आणि त्याच आपण शिकवायला लागलो की एक बाई नोकरी सोडून जाते, आणि साठ मुलींचा अभ्यास कुठवर आलाय हे सांगायला मागे चिठ्ठीसुद्धा नसते. त्या मॅडमना मी बोल लावत नाही. जाताना त्यांच्याकडे कुणी ओव्हर मागितलाच नसेल.

तो आता तू मुलींकडून घे. त्यांची लॉग बुकं गोळा कर. कोणत्या प्रोसिजरवर सह्या आहेत, कोणत्या रिकाम्या आहेत, एका रविवारी वहीत उतरवून काढ. वर्गात सरळ सांग की मी मध्येच आले आहे, तुम्ही कुठपर्यंत आलात ते मला सांगा. मुली खूप मोकळेपणानं सांगतात. त्या वहीत रोज तास संपल्यावर तीन ओळी लिही : काय झालं, काय राहिलं, कुणाला कळलं नाही. उद्या तू रजेवर गेलीस तर ती वही जिच्या हातात पडेल, तिला तुझ्यासारखं अंधारात उभं राहावं लागणार नाही.

आता ‘मी या कामाची नाहीच का’ याविषयी. पॅट्रिशिया बेनर या अमेरिकन नर्स-प्राध्यापिकेनं १९८४ साली नर्सच्या वाढीच्या पाच पायऱ्या मांडल्या, नवखीपासून निष्णातापर्यंत. तुला एम.एस्सी.ला त्या पाठ करायला लावल्या असतील. त्यातलं एक वाक्य आपण परीक्षेत लिहितो आणि विसरतो : अनुभवी नर्सही अगदी नव्या ठिकाणी गेली की पुन्हा नवखी होऊ शकते. वर्ग हे तुझं नवं ठिकाण आहे.

माझाही पहिला डेमो राइल्स ट्यूबचा, म्हणजे नाकातून पोटात घालायच्या नळीचा होता. शेकड्यांनी नळ्या घातलेल्या. पण हातांना येत होतं ते तोंडाला सांगता येईना. आमच्या एक ज्येष्ठ पाठ्यनिर्देशिका न सांगता मागच्या बाकावर येऊन बसल्या होत्या. माझ्या पोटात गोळा आला. तास संपल्यावर त्यांनी मला चहाला नेलं आणि म्हणाल्या, “माप बरोबर घेतलंस. नाकाच्या शेंड्यापासून कानाच्या पाळीपर्यंत आणि तिथून छातीच्या मधल्या हाडाच्या टोकापर्यंत. पण तू पुतळ्यावर वाकलीस तेव्हा मागच्या दोन बाकांना तुझी पाठ दिसली, माप दिसलं नाही. पुढच्या वेळी एक मुलगी खुर्चीवर वर्गाकडे तोंड करून बसव, आणि तिच्या बाजूला उभी राहून नळी धर.” मग म्हणाल्या, “रुग्णाला गिळायला सांगायचं, एवढंच बोललीस. का, ते सांगितलं नाहीस. गिळताना श्वासनळीचं झाकण पडतं, हे कळलं की मुलगी ते जन्मात विसरणार नाही.” बस, एवढंच. दुसऱ्या वर्षी मी दुसऱ्या एका नव्या ट्यूटरच्या मागच्या बाकावर बसले, पण आधी विचारून बसले. ते विचारणं मी माझं घातलं, कारण माझ्या पोटात आलेला गोळा मला आठवत होता.

तुझ्या सीनियर मॅडमकडे नोट्स मागू नकोस. त्या काळात एकेक पुस्तक वाचनालयात बसून हातानं उतरवून काढलेल्या वह्या असतात त्या. कपाटात त्यांची वीस-पंचवीस वर्षं आहेत, आणि ती कुणी सहज उचलून न्यावीत हे त्यांना सोसत नसेल. त्यापेक्षा म्हण, “मॅडम, तुमचा कॅथेटरायझेशनचा, लघवीची नळी घालण्याचा डेमो मला बघायचाय, मागे बसू का?” दोनदा नाही म्हणतील. तिसऱ्यांदा विचार. नाहीच जमलं तर शेजारच्या कॉलेजातली तुझ्याच वयाची ट्यूटर शोध. क्लिनिकलला एकाच रुग्णालयात भेटता की नाही? आठवड्यातून एकदा अर्धा तास, तुझा एक पाठ तिला, तिचा एक पाठ तुला.

पीपीटी रात्री अकराला बंद कर. प्रश्न आला आणि उत्तर येत नसेल, तर ‘उद्या बघून सांगते’ म्हण आणि दुसऱ्या दिवशी तास त्या उत्तरानंच सुरू कर. आणि कामाच्या बोज्याचं एकटीनं बोलू नकोस. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषात दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक आहे. तिघी-चौघींनी मिळून, कोणाकडे किती विषय, किती वॉर्ड, किती मुली एवढं एका कागदावर मांडून प्राचार्यांना द्या. तक्रारीच्या सुरात लिहू नका, आकडे पुरेसे आहेत.

*

“मी मेडिसीन वॉर्डची इनचार्ज सिस्टर. सकाळी तीन कॉलेजांच्या मिळून तीस-पस्तीस मुली येतात. ट्यूटर हजेरी घेतात आणि कोपऱ्यात जर्नल तपासत बसतात. मुली बीपी अ‍ॅपरेटसभोवती घोळक्यानं उभ्या. काही चुकलं की डॉक्टरांचे बोल आम्हाला. शिकवायचं कुणी, सिस्टरनी की ट्यूटरनी?”
– एक परिसेविका, सोलापूर

सिस्टर, तुमचं खरं आहे, आणि आमच्या बाजूनं मी ते कबूल करते. जर्नल वॉर्डात तपासायची नसतात.

तीन कॉलेजं एकाच सकाळी एकाच वॉर्डात येतात, कारण प्रत्येक कॉलेज आपापला रोटेशन प्लॅन आपापल्या टेबलावर बसून करतं. एका विद्यार्थिनीकडे साधारण तीन रुग्ण असावेत, हे आम्ही वर्गात शिकवतो. तुमच्या वॉर्डात पस्तीस मुली म्हणजे शंभर रुग्ण हवेत! सेमिस्टर सुरू होण्यापूर्वी तिन्ही कॉलेजांच्या क्लिनिकलच्या ट्यूटरनी अधिसेविकांच्या, म्हणजे मेट्रनच्या, खोलीत तासभर बसून तिन्ही प्लॅन एकावर एक ठेवून पाहिले, तर निम्मी गर्दी तिथंच कमी होते. बोलावणं रुग्णालयाकडून गेलं तर कुणी टाळणार नाही. अधिसेविका मॅडमना तुम्हीच सुचवा.

ट्यूटरकडून दोन गोष्टी हक्कानं मागा. तिनं सकाळच्या ओव्हरला तुमच्या शेजारी उभं राहायचं, म्हणजे कोणत्या रुग्णाला हात लावायचा नाही हे तिला कळेल. आणि तुमच्या टेबलावर रोज एक चिठ्ठी द्यायची : आज मुलींनी काय शिकायचंय. ‘इनटेक-आउटपुट आणि बेडसोअर’, एवढी एक ओळ पुरे. मी हे करायला लागले तेव्हा आमच्या वॉर्डच्या सिस्टर स्वतःहून हाक मारू लागल्या, “मॅडम, सहा नंबरची पाठ बघायला आणा मुलींना, आज ड्रेसिंग आहे.”

तुमच्याकडूनही एक हवं आहे. ‘ए मुलींनो, बाजूला व्हा’ ही हाक सोडा. मुलीचं नाव विचारा. मी विद्यार्थिनी असताना ज्या एका सिस्टरनं माझं नाव विचारलं, तिनं दाखवलेली कॅन्युलाची, शिरेत घालायच्या नळीची पकड आजही माझ्या बोटांत आहे.

*

“नव्या अभ्यासक्रमात ओस्की आणि सिम्युलेशन आहे. आमच्या लॅबमध्ये दोन पुतळे आहेत, त्यातल्या एकाचा हात निघालाय. मोठ्या शहरांतल्या कॉलेजांसारखं आम्ही कसं करायचं?”
– एक ट्यूटर, बार्शी

बी.एस्सी.चा २०२१चा अभ्यासक्रम आल्यापासून हा प्रश्न मला सगळीकडे ऐकू येतो. आठ सेमिस्टर, कौशल्यावर भर, आणि ओस्की, म्हणजे टेबलाटेबलावर द्यायची प्रात्यक्षिक परीक्षा. ही परीक्षा मुळात स्कॉटलंडमधल्या डंडीची. रोनाल्ड हार्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९७५ साली मांडली. परीक्षकाच्या मर्जीवर विद्यार्थ्याचं नशीब लटकू नये, हा तिचा गाभा. ठरावीक मिनिटांची घंटा, प्रत्येक टेबलावर एक काम, आणि तपासायला ठरलेली यादी. यात महागडा पुतळा कुठं आलाय, सांगा बरं.

आमच्याकडे मिडवायफरीची लॅब रिकामी होती तेव्हाची गोष्ट. बाळंतपणानंतर गर्भाशय आकसलं नाही की रक्तस्राव होतो, हे मुलींना तोंडपाठ. पण सैल गर्भाशय हाताला कसं लागतं, हे प्रत्यक्ष बाळंतिणीवर शिकवायला कोण देणार? आमच्या वर्गात एक विडी कामगाराची मुलगी होती, तिचे मामा टेरी टॉवेलच्या कारखान्यात. तिनं दोन खराब निघालेले टॉवेल आणले. एकाची पिशवी शिवून तिच्यात कापूस पोकळ भरला आणि वरून पाणी शिंपडलं. दुसरीत चिंध्यांचा गोळा दोऱ्यानं करकचून आवळून भरला. दोन्ही सोलापुरी चादरीखाली ठेवले आणि मुलींना डोळे मिटून हात घालायला सांगितलं. पहिल्यावर बोटं आत जात होती, ओल्या कणकेत जावीत तशी. दुसरा क्रिकेटच्या चेंडूसारखा. एक मुलगी हात तसाच ठेवून म्हणाली, “मॅडम, म्हणजे परवा लेबर रूममध्ये सिस्टर सारखं पोट चोळत होत्या, त्या हे मऊ कडक करत होत्या?” हो बाळा, तेच.

ते आमचं ओस्कीचं पहिलं टेबल झालं. ‘बाळंतपणाला वीस मिनिटं झालीत, पॅड पूर्ण भिजलंय. हात लावा. काय वाटतं, आणि पहिलं काय कराल?’ मदतीला हाक मारणं आणि गर्भाशय चोळायला सुरुवात करणं, हे दोन्ही एका दमात आलं पाहिजे.

पण एका कॉलेजनं अशी दहा टेबलं उभी करायची म्हणजे एक-दोन ट्यूटरांचा जीव जातो. आमचा मार्ग पंढरपुरात निघाला. आषाढीला आरोग्य पथकांत दोन कॉलेजांच्या मुली एकाच तंबूत होत्या. वारकऱ्यांच्या पायांचे फोड बांधून झाल्यावर आम्ही ट्यूटर चहा घेत बसलो होतो, आणि बोलता बोलता ठरलं की प्रत्येकीनं दोनच टेबलं करायची, पण नीट करायची, आणि सामान फिरवायचं. पुढं चार कॉलेजं झाली. एक पत्र्याची ट्रंक होती. तिच्यात टॉवेलची गर्भाशयं, स्पंजवर रेक्झिन चढवून केलेली इंजेक्शनची गादी, औषधांच्या रिकाम्या बाटल्या, घंटा, आणि प्लास्टिकच्या पिशवीत याद्या. ट्रंक एसटीनं जायची, आणि तिच्या आत झाकणाला चिकटवलेला कागद असायचा : काय फाटलंय, काय कमी आहे, काय धुवायचंय.

आता सर्वांत मोलाचं सांगते. परीक्षकही आम्ही अदलाबदल केले, आणि पहिल्याच दिवशी वाद झाला. एकाच मुलीला मी वीसपैकी चौदा दिले आणि दुसऱ्या कॉलेजच्या मॅडमनी नऊ. दोघी चिडलो. मग यादी समोर ठेवून ओळ न् ओळ वाचली. ‘हात धुतले’ या ओळीला मी तिनं नळ सोडला तेव्हाच टिक केली होती. त्यांनी तळवे, बोटांच्या फटी, अंगठा, नखं सगळं मोजलं होतं, आणि साबण-पाण्यानं चाळीस ते साठ सेकंद लागतात ते घड्याळात पाहिलं होतं. बरोबर त्याच होत्या. ती ओळ आम्ही फोडून पाच ओळींची केली. ‘रुग्णाशी बोलली’ ही ओळही तशीच फोडली, कारण बोलली म्हणजे काय? नाव विचारलं, काय करणार ते सांगितलं, संमती घेतली, हे वेगवेगळं. इतकी वर्षं मी किती मुलींना फुकट मार्क दिले आणि किती जणींचे उगाच कापले असतील, या विचारानं त्या रात्री मला वाईट वाटत राहिलं.

तेव्हा बार्शीच्या मॅडम, पुतळ्याचा निघालेला हात फेकू नका. सुट्ट्या हातावर बँडेज उत्तम शिकवता येतं. आणि वैराग, कुर्डुवाडी, करमाळा या बाजूला कुणी ट्यूटर ओळखीची असेल, तर दोघींनी एकाच मुलीला तपासून बघा, गुण लपवून. मग समोरासमोर यादी ठेवा.

*

“मी नांदेडचा, नोकरीसाठी सोलापुरात आलो. रुग्ण तेलुगू, कन्नड, दखनी बोलतात. मला कळत नाही, विद्यार्थ्यांना अर्धंमुर्धं कळतं. हिस्ट्री घ्यायला कसं शिकवू?”
– एक क्लिनिकल इन्स्ट्रक्टर

सर, हे मी अगदी जवळून पाहिलंय. पूर्व भागातली एक म्हातारी छातीवर हात ठेवून ‘गुंडे नोप्पी, गुंडे नोप्पी’ म्हणत होती. नवी विद्यार्थिनी ट्यूटरकडे धावली, “हिला गुंडांनी मारलंय वाटतं.” तेलुगूत गुंडे म्हणजे हृदय, नोप्पी म्हणजे दुखणं. मी शेजारच्या बेडजवळ होते म्हणून इसीजी लगेच निघाला.

तुमच्या वर्गात तेलुगू आणि कन्नड घरांतली मुलं असतीलच. एक तास त्यांना शिकवू द्या, तुम्ही बाकावर बसा. कुठं दुखतं? तेलुगूत ‘एक्कड नोप्पी?’, कन्नडमध्ये ‘एल्ली नोवु?’ अशी तीस-चाळीस वाक्यं देवनागरीत लिहून एक कागद करा आणि त्याच वॉर्डात येणाऱ्या दुसऱ्या कॉलेजांच्या ट्यूटरना द्या. त्यांच्याकडचा कागद तुम्ही घ्या, दखनीची वाक्यं बहुधा त्यांच्याकडे चांगली असतील. ऑपरेशनच्या संमतीसाठी मात्र विद्यार्थ्याला दुभाषा करू नका. ती जबाबदारी त्या वयाच्या खांद्यावर टाकायची नाही.

*

“दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीनं कॅन्युला फ्लश करायला सलाईनऐवजी पोटॅशियम क्लोराइड सिरिंजमध्ये भरलं. स्टाफ सिस्टरनी ऐन वेळी सिरिंज हातातून घेतली. रुग्णाला काही झालं नाही. मी तेव्हा शेजारच्या खोलीत दुसऱ्या मुलींबरोबर होतो. माझ्याकडून खुलासा लिहून घेतला. ती मुलगी चार दिवस वॉर्डात आलेली नाही. स्टाफरूममध्ये हा विषय कुणी काढत नाही, मीही नाही. झोप लागत नाही.”
– एक ट्यूटर, सोलापूर जिल्हा

सर, तुमच्या पत्राचं उत्तर शेवटी ठेवलं, कारण ते लिहायला मला तीन दिवस लागले.

माझ्या विद्यार्थिनीच्या हातून असं घडलं होतं, आणि तिथं ऐन वेळी थांबवणारं कुणी नव्हतं. एकाच आडनावाच्या दोन बायका शेजारशेजारच्या बेडवर. एकीचं इंजेक्शन दुसरीला गेलं. औषध अपाय न करणारं होतं म्हणून निभावलं. डॉक्टरांना सांगितलं, केसपेपरवर लिहिलं, पण आपल्या माणसांत, स्टाफरूममध्ये, मी सहा महिने अवाक्षर काढलं नाही. नंतर संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत एका सहकारी ट्यूटरबरोबर फिरताना तोंडून निघून गेलं. ती चालता चालता थांबली. म्हणाली, “माझ्या मुलीच्या हातूनही तसंच झालं होतं. त्याच वॉर्डात, तीन वर्षांपूर्वी.” आम्ही दोघी सिद्धेश्वर तलावाच्या काठावर बसलो आणि किती तरी वेळ बोललोच नाही. तिनं तेव्हा सांगितलं असतं, तर मी माझ्या मुलींना बेडवरचं नाव आणि नोंदणी क्रमांक ताडून बघायला आधीच शिकवलं असतं. आणि माझ्या सहा महिन्यांच्या गप्प राहण्यात आणखी कुणाचं काय झालं असेल, मला माहीत नाही.

पोटॅशियमची ही चूक तुमच्या मुलीनंच पहिल्यांदा केलेली नाही. न मिसळता थेट शिरेत गेलं तर हृदय थांबवणारं हे औषध, आणि त्याचा अँप्यूल कित्येकदा पाण्याच्या किंवा सलाईनच्या अँप्यूलसारखाच पारदर्शक. २००७ साली जागतिक आरोग्य संघटनेनं रुग्णसुरक्षेचे नऊ उपाय सांगितले, त्यातला एक अशा तीव्र द्रावणांवर नियंत्रण ठेवण्याचा आहे. म्हणजे जगभर माणसं इथं चुकली आहेत. तुमच्या खुलाशात ‘माझं दुर्लक्ष झालं’ एवढंच लिहिलं असेल, तर पुरवणी जोडा : दोन्ही अँप्यूल कुठं ठेवले होते, एकाच ट्रेमध्ये होते का, पोटॅशियमवर वेगळी खूण होती का, त्या वेळी तुमच्याकडे किती मुली, किती खोल्यांत होत्या.

त्या मुलीला ऑफिसात बोलावू नका. लॅबमध्ये भेटा, सोबत तिला आवडणाऱ्या एखाद्या मॅडम असू द्या. टेबलावर दोन्ही रिकामे अँप्यूल ठेवा आणि विचारा, “त्या वेळी तुला काय दिसलं?” ती बोलेल तोवर मध्ये बोलू नका. रडेल, रडू द्या. तिनं पाहिलेलं कदाचित आपल्यापैकी कुणीच पाहिलं नसेल.

ज्या स्टाफ सिस्टरनी सिरिंज घेतली, त्यांचे वॉर्डात सगळ्यांसमोर आभार माना, आणि त्यांना वर्गावर बोलवा. त्यांना काय खटकलं, नजर कुठं गेली, हे त्यांच्याच तोंडून मुलांना ऐकू दे.

मग स्टाफरूम. विषय तुम्हीच काढा, मुलीचं नाव न घेता. ‘माझ्या ड्युटीत असं झालं’ अशी सुरुवात करा. पहिल्या मिनिटाला सगळे मान खाली घालतील. थांबा. कुणीतरी म्हणेल, ‘माझ्याकडेही एकदा...’ तसं कुणी बोललं की दर महिन्याच्या मीटिंगमध्ये यासाठी वीस मिनिटं मागून घ्या आणि त्या वेळी बोललेलं दाराबाहेर जाणार नाही असं ठरवा. झोप दोन आठवड्यांत सुधारली नाही तर डॉक्टरांना दाखवा. हे आपण रुग्णाला सांगतो, स्वतःला सांगत नाही.

सोमवारी त्या मुलीला एकटीला वॉर्डात पाठवू नका. सकाळच्या ओव्हरला तुम्ही तिच्या शेजारी उभे राहा. पहिल्या दिवशी तिला औषधांच्या ट्रॉलीकडे नेऊ नका, एखाद्या म्हाताऱ्या आजींची वेणीफणी, तोंड धुणं, भरवणं एवढंच करू द्या. दुसऱ्या दिवशी ट्रॉली. लेबल तिच्याकडून मोठ्यानं वाचून घ्या : अँप्यूल उचलताना एकदा, भरण्यापूर्वी एकदा, रिकामा ठेवताना एकदा. तिचा आवाज बसलेला असेल, पहिल्यांदा ऐकू येणार नाही. तुम्ही जवळच उभे असाल, पुन्हा वाचायला सांगा.